कोकम लावताय? आधी नर-मादी, मग कलमाची काडी, मग बाकीचं

घाटपायथा

आंबा-काजूच्या लागवडीवर भरपूर लिहिलं जातं, पण कोकम सोलकढीच्या पाककृतीपुढे फारसा जात नाही. झाड लावण्याआधी जे कळायला हवं ते एका जागी राहावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

कोकम, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, हे पश्चिम घाटाचं घरचं झाड. दक्षिण गुजरात, कोकण, गोवा, उत्तर कन्नड, कोडगू, केरळ या पट्ट्यात ते रानात आपसूक येतं. मँगोस्टीन आणि केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडंपुळी ही त्याच कुळातली. फळ म्हणजे रातांबा, वाळवलेली साल म्हणजे आमसूल किंवा सोल. गोव्याकडे फळाला भिरंड म्हणतात.

झाड सदाहरित, १० ते १५ मीटर उंचीचं, शेंड्याकडे निमुळतं होत जाणारं. बाजूच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. नवी पालवी तांबूस-लाल येते आणि पान खुडलं की पिवळा चीक दिसतो. फुलोरा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात. फळात ५ ते ८ बिया आणि त्यांच्याभोवती आंबट-गोड पांढरट गर.

आता मुद्द्याचं. कोकमात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, कधी निम्म्याहून जास्त. आणि हे कळतं कधी? झाड फुलावर आलं की, म्हणजे ७-८ वर्षांनी. ६ मीटर बाय ६ मीटरवर लावलं तर एकरात ११२ झाडं बसतात. त्यातली ५५-६० नर निघाली तर सात वर्षांचं पाणी, खत, राखण आणि अर्धी जमीन एकही फळ न देता अडकून पडते. 'पान रुंद म्हणजे मादी' किंवा 'फांद्या जास्त झुकल्या म्हणजे मादी' असं सांगून कुणी रोपं विकत असेल तर विश्वास ठेवू नका. फूल येईपर्यंत नुसत्या डोळ्यांनी नर-मादी ओळखता येत नाही.

इथे मँगोस्टीनचा दाखला देऊन गोंधळ होतो. मँगोस्टीनचं बी परागणाशिवाय तयार होतं, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं. कोकमाच्या बीत नराचा आणि मादीचा दोघांचा वाटा असतो. नव्वद ग्रॅमच्या फळातलं बी लावलं म्हणून नव्वद ग्रॅमचं फळ येईलच असं नाही. फळ येईल हीसुद्धा खात्री नाही.

म्हणून बागेसाठी लावायचं असेल तर कलमच. कलम ४-५ वर्षांत फळावर येतं आणि नर की मादी ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

कातळसडा

नेमका धागा. पण एक शंका. कलमं लावूनही पुष्कळ ठिकाणी झाड उभं वाढत नाही. खोड धरत नाही, जमिनीसरशी चहूकडे पसरतं, वेलासारखं लोळतं. काठी बांधली तरी काठीवरून खाली वाकतं. हा जमिनीचा दोष, पाण्याचा, की कलमाचा?

कलमकाडी

@कातळसडा, जमिनीचाही नाही आणि पाण्याचाही नाही. दोष काडीचा, म्हणजे खालच्या रोपावर (खुंटावर) बांधलेल्या फांदीच्या तुकड्याचा.

कोकमाला दोन प्रकारच्या फांद्या असतात. एक मधला शेंडा, जो सरळ वर जातो. दुसऱ्या बाजूच्या फांद्या, ज्या आडव्या वाढतात. आंब्यात बाजूच्या फांदीची काडी बांधली तरी कलम सरळ उभं राहतं, म्हणून तिथे हा विचार करावा लागत नाही. कोकमात काडी आपली सवय सोडत नाही. आडव्या फांदीची काडी खुंटावर बांधली तर कलमही आडवंच वाढतं, पुढे कितीही वर्षं गेली तरी. शेंड्याची किंवा उभ्या फुटव्याची काडी बांधली तरच खोड, शेंडा आणि थरांनी सुटणाऱ्या फांद्या असं झाडाचं मूळ रूप मिळतं.

रोपवाटिकेत हे तपासणं सोपं आहे. उभ्या काडीच्या कलमावर पानांची एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची जोडी उत्तर-दक्षिण असते. वरून पाहिलं की पानं चारही दिशांना दिसतात. आडव्या काडीच्या कलमावर सगळी पानं एका पातळीत पंख्यासारखी मांडलेली दिसतात आणि शेंडा एका बाजूला कललेला असतो. काठी सोडून कलम मोकळं उभं करून बघा. कललं तर घेऊ नका.

मग सर्रास आडव्या काड्या का वापरल्या जातात? कारण एका झाडाला आडव्या काड्या शेकड्यांनी मिळतात आणि उभा शेंडा एकच. त्यावर उपाय आहे. चांगल्या मादी झाडाचा शेंडा छाटला की खोडावर उभे जोमदार फुटवे येतात. त्यांच्या काड्या घ्याव्यात. त्यासाठी काही मातृवृक्ष कायमचे छाटून ठेवावे लागतात, म्हणजे त्यांचं फळ सोडून द्यावं लागतं. कलमाची किंमत इथेच वाढते आणि ती वाढलेली किंमत देण्यासारखी आहे.

कलम बांधण्याची पद्धत, मृदुकाष्ठ कलम:

खुंट म्हणून कोकमाचंच साधारण वर्षाचं, पेन्सिलीच्या जाडीचं, पिशवीतलं रोप घ्यावं. बी ताजंच पेरायचं. कोकमाचं बी वाळलं की मरतं, त्यामुळे फळ फोडलं, गर धुतला आणि त्याच दोन-चार दिवसांत पेरलं, असं व्हायला हवं. डब्यात भरून पुढच्या हंगामासाठी ठेवलेलं बी उगवत नाही.

काडी खुंटाच्याच जाडीची, ८ ते १० सेंटिमीटर लांब, टोकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला. काडी कापायच्या ८-१० दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून छाटावीत. बोट लावताच देठ गळून पडला म्हणजे काडी तयार. ज्या फांदीवर फुलकळी आहे तिची काडी नको. ती खुंटावर बसल्यावरही आधी फुलते आणि मरते.

खुंटाचा कोवळा शेंडा छाटून मधोमध ३-४ सेंटिमीटरची उभी चीर द्यावी. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरके काप देऊन पाचर करावी. इथे कोकमाचा चीक आड येतो. काप दिल्याबरोबर पिवळा चीक सुटतो, आणि तो सुकून थर बसला की काडी आणि खुंट यांच्या ऊती एकमेकींना लागत नाहीत. स्वच्छ ओल्या फडक्याने चीक पुसायचा, पाचर लगेच चिरेत बसवायची, किमान एका बाजूची साल सालीला जुळलीच पाहिजे. मग २ सेंटिमीटर रुंदीच्या पॉलिथिन पट्टीने खालून वर घट्ट बांधायचं आणि वरून पारदर्शक पिशवीची टोपी घालायची, म्हणजे आत दमटपणा राहतो. अर्धी सावली हवी. साधारण ३-४ आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढायची. पट्टी मात्र सांधा पक्का भरेपर्यंत, दोन-तीन महिने राहू द्यायची. पण नंतर विसरायची नाही. विसरली तर ती खोडात रुतते आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताला कलम तिथेच मोडतं.

लावणीनंतरची सगळ्यात महाग चूक खुंटाचे फुटवे वाढू देणं. आडव्या कलमाच्या बुडातून एक सुंदर सरळ फुटवा येतो. मालकाला वाटतं, झाड सुधारलं. तो सांध्याच्या खालून आलेला असतो, म्हणजे खुंटाचा, म्हणजे नर की मादी माहीत नसलेला. तीन वर्षांत वरचं कलम त्याच्या सावलीत संपतं. सांध्याखाली जे काही फुटेल ते नखाएवढं असतानाच खुडायचं.

वाडीकर

कलमकाडी, फारच उपयोगी लिहिलंत. एक भर. आडव्या काडीचं कलम पूर्ण टाकाऊ मानू नये. परसात एखाद-दुसरं झाड हवं असेल, उंच वाढणं परवडत नसेल, तर पसरट झाडाची फळं जमिनीवर उभं राहून काढता येतात. फक्त अंतर आणि छाटणी त्या हिशोबाने ठेवायची, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या काढत राहायच्या. घेताना मात्र हे माहीत असून घ्यावं.

कलमकाडी

मान्य. परसासाठी चालेल. नारळ-सुपारीच्या आगरात मात्र नको. तिथे आडवं कलम वाटा अडवतं, आणि उजेडासाठी वर जाण्याची ताकद त्यात नसते.

भिरंडां

नर झाडांची बाजूही मांडायला हवी. मादी झाडं हवीत, नर नको, एवढंच ऐकून लोक बागेतली सगळी नर झाडं तोडतात. मग मादीवर फूल भरपूर येतं आणि फळ धरत नाही.

आधी फुलांची ओळख. नर फुलं लहान, गुच्छात येतात. फुलात चार निदलं, चार पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांचा गच्च, पिवळसर गोळा. बीजकोश नसतो. मादी फूल एकटं किंवा दोन-तीन मिळून, देठाला जाड. पाकळ्यांच्या मधे हिरवट गोल बीजकोश आणि त्याच्या माथ्यावर पसरट, खाचा पडलेली कुक्षी. पिकलेल्या रातांब्याच्या टोकाला जी छोटी चकती असते ती हीच कुक्षी, आणि देठाशी चिकटलेल्या चार पाकळ्यांसारख्या खपल्या म्हणजे निदलं. काही झाडांवर नर फुलांबरोबर थोडी द्विलिंगी फुलंही येतात. अशा झाडाला मूठभर फळं लागलेली दिसतात आणि मालक त्याला मादी समजून पुढच्या वर्षी जास्त लागेल म्हणून वाट पाहत राहतो. गुच्छातली फुलं उलटून बघावीत, उत्तर तिथेच मिळतं.

नर किती ठेवायचे? शंभरात दहा पुरतात. आखणी सोपी: दर तिसऱ्या ओळीतलं दर तिसरं झाड नर. म्हणजे तीन बाय तीनच्या चौकटीत मधलं झाड नर आणि भोवतीची आठ मादी. हे प्रमाण नवात एक, म्हणजे ११ टक्के पडतं. ११२ झाडांच्या एकरात १२-१३ नर. सगळे नर बांधावर एका कडेला लावून भागत नाही, परागण कीटकांकडून होतं आणि लांबच्या ओळींना परागकण कमी पोचतात. जवळपास रानात जुने नर असतील तर बागेतले थोडे कमी केले तरी चालतात.

जास्तीचे नर तोडू नका, बदला. पावसाळ्याआधी खोड जमिनीपासून ७५ सेंटिमीटर ते एक मीटरवर छाटायचं. छाटलेल्या तोंडाला बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावायचं. बुंध्यावर भरपूर फुटवे येतात, त्यातले चार-पाच जोमदार, वेगवेगळ्या बाजूंचे ठेवायचे. ते पेन्सिलीएवढे झाले की प्रत्येकावर मादीची काडी बांधायची. खाली मुळांचा पसारा तयार असल्याने असं झाड नव्या कलमापेक्षा लवकर भरतं. बुंध्यावरचे मूळ नराचे फुटवे मात्र पुढची काही वर्षं काढत राहावे लागतात. यात कसूर झाली की झाड परत नर होतं.

सडाफुली

भिरंडां, एक विचारते. बियांची रोपं मग लावूच नयेत का? सगळीकडे दोन-तीनच जातींची कलमं झाली तर गावोगावचे वेगवेगळे रातांबे जातील ना?

भिरंडां

अगदी योग्य प्रश्न, ताई. रानात आणि बांधावर बियांची रोपं जरूर लावावीत. लहान गोल, चपटी, टोकदार, जाड सालीची, पातळ सालीची, गर्द जांभळी, लाल, असे किती तरी नमुने केवळ बियांमुळेच टिकून आहेत. उत्तर कन्नडात सिरसीकडे तर पिकल्यावरही पिवळीच राहणारी फळं मिळतात, त्यांचं सरबत पांढरं होतं. एका खड्ड्यात तीन रोपं लावायची, फुलावर आली की मादी ठेवायची, नरावर जवळच्या चांगल्या मादीची काडी बांधायची. वेळ लागतो, पण वाण जपायचा मार्ग हाच.

कातळसडा

आता लावणीबद्दल. कातळावर खड्डा किती? खत काय?

वाडीकर

६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा पुरतो. नुसता जांभा असेल तर ९० सेंटिमीटरचा घ्या आणि बाहेरची माती आणून भरा. मे महिन्यात खणून, तळाला पालापाचोळा, मग माती आणि १५-२० किलो कुजलेलं शेणखत. पहिले एक-दोन चांगले पाऊस पडून खड्डा बसला की लावणी. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे. अंतर ६ किंवा ७ मीटर. नारळाच्या बागेत ७.५ मीटरवरच्या चार माडांच्या मधोमध एक झाड छान बसतं.

कोकम मुळात मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारं. पहिली दोन वर्षं उघड्या कातळावर भर उन्हात ठेवलं तर पानं करपतात. पश्चिमेकडून नारळाच्या झावळ्यांचा आडोसा करा. मोठं झाल्यावर मात्र ऊन हवं, सावलीतलं झाड उंच जातं आणि फळ कमी देतं. पाणी पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला एकदा, आळ्यात गवताचं आच्छादन. पुढे पावसावर भागतं. पाणी साचणारी खोलगट जागा मात्र टाळा.

खताचा हिशोब: पहिल्या वर्षी २ किलो शेणखत, ५० ग्रॅम नत्र, २५ ग्रॅम स्फुरद, २५ ग्रॅम पालाश. दरवर्षी तेवढंच वाढवत जायचं आणि दहाव्या वर्षापासून कायम २० किलो शेणखत, ५०० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद, २५० ग्रॅम पालाश. दुकानातल्या पोत्याच्या भाषेत मोठ्या झाडाला युरिया १ किलो ९० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे दीड किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ४०० ग्रॅमच्या थोडं वर. बुंध्याशी ओतू नका. दुपारी फांद्यांची सावली जिथे संपते तिथे गोल चर काढून त्यात द्या.

सडाफुली

जात कोणती घ्यावी?

कलमकाडी

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या दोन जाती आहेत. कोकण अमृता १९९७ सालची, फळ सरासरी ३४-३५ ग्रॅमचं, काढणी लवकर होते. कोकण हातीसचं फळ मोठं, ९० ग्रॅमच्या आसपास आणि साल जाड. हातीस निव्वळ मादी आहे, सोबत नराचं कलम लावलंच पाहिजे.

नुसतं फळाचं वजन पाहून हातीस घेण्याची ओढ असते. माझं मत वेगळं आहे. कोकमात खरी लढाई पावसाशी असते. फळ एकदम पिकत नाही, एप्रिलपासून टप्प्याटप्प्याने उतरतं, आणि मृगाचा पाऊस लागला की झाडावर राहिलेलं फळ गेलं म्हणून समजा. पावसात फळ फुटतं, गळतं, कुजतं आणि आमसूल वाळवायला ऊनही राहत नाही. म्हणून लवकर येणारी जात आधी घ्यावी, मोठ्या फळाची नंतर. आगळ (मिठात टिकवलेला रस) आणि सरबत करणार असाल तर हातीसला जागा आहे, कारण त्यांना उन्हाची गरज नाही आणि जाड सालीचा उतारा चांगला पडतो. आमसुलासाठी अमृता.

सोलकढी

झाडाचं बरंच झालं, आता फळाचं. झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने काढावं. जमिनीवर आपटलेल्या फळाला चीर पडते आणि दोन दिवसांत बुरशी. पूर्ण लाल-जांभळं झालेलंच घ्यावं. अर्धं पिकलेलं फळ घरात रंग धरतं, पण आमसुलाला तो गडद रंग येत नाही. काढलेलं फळ आठवड्याच्या आत फोडायला हवं.

आमसूल: फळं धुऊन, पुसून, आडवी कापून साल वेगळी. गर आणि बिया एका भांड्यात, त्यात मीठ. १० किलो सालीला साधारण १ किलो मीठ धरावं. रस सुटला की साली त्यात बुडवून निथळून उन्हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रसात बुडवून उन्हात. अशी चार-पाच पुटं द्यायची. एकच पूट दिलेलं आमसूल फिकट आणि तुसासारखं होतं. नीट झालेलं आमसूल वाकतं, मोडत नाही आणि बोटाला ओल लागत नाही. पूर्ण न वाळवता भरलं तर पावसाळ्यात मिठाला पाणी सुटून बरणीच्या तळाशी काळा रस जमतो.

आगळ: साल आणि गर मिळून किलोला १५० ते २०० ग्रॅम मीठ, काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत सात-आठ दिवस, रोज लाकडी डावाने ढवळून मग गाळायचं. मीठ १५० ग्रॅमच्या खाली गेलं की फेस येतो, वास बदलतो. हे आंबणं थांबवता येत नाही. फेस आलेलं आगळ उकळून वाचवायला जाऊ नका.

अमृत कोकम, म्हणजे साखरेचं: १ किलो साल, २ किलो साखर, थर देत बरणी भरायची, सात दिवस रोज हलवायची, गाळायचं. 'साखर फार होते, निम्मी घालू का' असं नेहमी विचारलं जातं. सालीत साधारण ८० टक्के पाणी असतं. १ किलो सालीतून ८०० ग्रॅम पाणी आलं असं धरा. त्यात २ किलो साखर म्हणजे पाकाची घनता ७० टक्क्यांच्या आसपास, तिथे बुरशी-यीस्ट वाढत नाही. १ किलो साखर घातली तर ५५ टक्के, आणि ते आंबतं. गोडी कमी हवी तर सरबत करताना पाणी वाढवा, बरणीतली साखर कमी करू नका.

जास्त टिकवायचं तर सोडियम बेन्झोएट, किलोला ०.६ ग्रॅम, थोड्या रसात विरघळवून. गंधकाचं कुठलंही परिरक्षक, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, कोकमाला घालू नका. ते रंगच उडवतं. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियमच्या भांड्याला ही आंबटाई खाते. स्टील चालतं.

वाडीकर

सोलकढी ताई, साखर घातलेली बरणी उन्हात ठेवायची पद्धत आहे. तुम्ही ऊन लिहिलं नाहीत?

सोलकढी

मुद्दाम नाही लिहिलं. उन्हाने साखर लवकर विरघळते हे खरं. पण रातांब्याचा लाल रंग अँथोसायनिनचा आहे, उजेड आणि उष्णता त्याला दोन्ही मारतात. काचेची बरणी आठवडाभर उन्हात ठेवली तर पाक तांबूस-तपकिरी होतो. सावलीत दोन दिवस जास्त लागतील, रंग मात्र माणकासारखा राहील. ठेवायचीच असेल तर बरणीला जाड फडकं गुंडाळा.

याच रंगावरून भेसळही कळते. आमसूल पाण्यात भिजवून त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. खरा रंग लालचा निळसर-जांभळा, मळकट होतो. रंग जसाच्या तसा लालभडक राहिला तर तो बाहेरून घातलेला आहे. पांढरे मिठाचे खडे चिकटलेलं आमसूल म्हणजे मिठाच्या वजनाचे पैसे आपण देतोय.

घाटपायथा

बिया फेकू नका हे राहिलं. आमसुलाच्या रसातून बिया काढून धुऊन चांगल्या वाळवायच्या, फोडून आतला गर बारीक वाटायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगतं. गार झालं की थर धरतो, तो काढून मुठीत वळून गोळे करतात. कोकणात हे मुठेल, गोव्यात भिरंडेल. ३८ ते ४२ अंशांना वितळतं, म्हणून एरवी घट्ट आणि अंगाला लावलं की पाघळतं. टाचांच्या भेगांना याच्यासारखं दुसरं नाही. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमात कोको बटरच्या जागी ५ टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पती-तेलांमध्ये कोकमाचं नाव आहे, आणि आपल्याकडे बिया शेणाच्या खड्ड्यात जातात. उकळताना बी नीट वाळलेलं नसेल तर तेल पिवळट आणि खवट निघतं, एवढी काळजी घ्या.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाने विकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

कातळसडा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न. बागेत मिश्र रोपं आधीच लावलेली असतील आणि यंदा पहिला फुलोरा असेल तर नेमकं काय करायचं?

भिरंडां

डिसेंबरअखेर आणि जानेवारीअखेर अशी दोनदा बाग फिरा, सगळी झाडं एकाच वेळी फुलत नाहीत. प्रत्येक झाडावरची चार बाजूंची दहा-बारा फुलं उलटून बघा. मादीला लाल आणि नराला पांढरा रंग, खोडावर छातीच्या उंचीला. न फुललेल्याला काही लावू नका, त्यांची पाळी पुढच्या वर्षी. मे महिन्यात लाल खुणेच्या झाडांवरची वीस-वीस फळं तोला, साल किती जाड ते बघा आणि पहिली तोडणी कोणत्या तारखेला झाली ते लिहून ठेवा. त्यातली लवकर पिकणारी आणि जाड सालीची दोन-तीन झाडं काडीसाठी निवडा, त्यांतल्या एकाचा शेंडा छाटून उभे फुटवे येऊ द्या. नवात एक या हिशोबाने पांढऱ्या खुणेची कुठली ठेवायची ते कागदावर आखा. बाकीचे नर या वर्षी लगेच छाटू नका. तुमच्याच मादीच्या उभ्या काड्या तयार झाल्या की मगच.